फळ्यावरचा नमुना पुसून टाका : बालवाडीत कलेतून सर्जनशीलता कशी फुलवायची

बालवाडीच्या भिंतीवर तीस फुलपाखरं ओळीनं लावलेली असतात. सगळ्यांचे पंख पिवळे, प्रत्येक पंखावर चार लाल ठिपके, मिशा एकाच मापाच्या. पालक कौतुक करतात, फोटो निघतात. यात मुलांनी काय केलं? आकार मोठ्यांनी कापून दिला होता, रंग ठरलेला होता, ठिपके कुठे द्यायचे ते नमुन्यात दिसतच होतं. मुलांच्या वाट्याला गोंद लावणं तेवढं आलं. त्यानंही बोटांना व्यायाम होतो, नाही असं नाही. पण त्याला सर्जनशीलता म्हणू नये.

तीन ते सहा वर्षांच्या मुलांबाबत माझी कसोटी साधी आहे : या कामात मुलानं स्वतः किती गोष्टी ठरवल्या? काय करायचं, कोणत्या रंगानं, कागद उभा की आडवा, सुरुवात कुठून, आणि मुख्य म्हणजे काम संपलं असं कधी म्हणायचं. पाचापैकी पाचही निर्णय मोठ्यांचे असतील, तर ते काम मोठ्यांचं. हात फक्त मुलाचे. खालची प्रत्येक पायरी याच प्रश्नाला धरून आहे. त्यासाठी शिक्षिकेला चित्रकला यायलाच हवी असं नाही. उलट ज्यांचा हात चांगला आहे अशा ताईंना तो आवरणं जास्त जड जातं.

हा पेच आजचा नाही. शिक्षणतज्ज्ञ फ्रीडरिश फ्रोबेल यांनी १८३७ साली जर्मनीतल्या बाड ब्लांकेनबुर्ग इथे लहान मुलांसाठी संस्था सुरू केली आणि १८४० मध्ये तिला ‘किंडरगार्टन’ हे नाव दिलं. लाकडी ठोकळे, कागदाच्या घड्या, पट्ट्यांचं विणकाम हे सगळं त्यांनी खेळ म्हणून आणलं. पुढे त्यांच्या अनुयायांपैकी बऱ्याच जणांनी त्याचा ठरावीक क्रमाचा कवायतवर्ग करून टाकला. साहित्य तेच राहिलं, ठरवणारा मात्र बदलला. म्हणून महागडं साहित्य आणण्याआधी आपल्या वर्गात कोण काय ठरवतं, हे आठवडाभर नुसतं बघावं.

पायरी १ : मूल रेघोट्यांच्या कोणत्या टप्प्यावर आहे ते ओळखा

कलाशिक्षणाचे अभ्यासक व्हिक्टर लोवेनफेल्ड यांनी मुलांच्या चित्रांचे टप्पे मांडले, त्यांचा वर्गात आजही उपयोग होतो. साधारण दोन ते चार हा रेघोट्यांचा काळ, चार ते सात हा आकृत्या जुळू लागण्याचा. वयं काटेकोर धरू नयेत, क्रम मात्र बहुधा असाच दिसतो.

आधी खांद्यातून फिरणारा हात, कागदाबाहेर जाणाऱ्या रेषा. मग ताबा येतो : मागे-पुढे, वर-खाली, त्यानंतर गोल गोल. पुढे एक दिवस मूल रेघोट्या मारता मारता म्हणतं, “ही आजी आहे.” बघणाऱ्याला आजी कुठेच दिसत नाही, पण कागदावरची खूण एखाद्या गोष्टीच्या जागी उभी राहू शकते हे त्या मुलाला कळलेलं असतं. पुढे वाचता-लिहिताना याच समजेवर सगळं उभं राहतं. पाच मिनिटांनी तीच आजी ट्रक झाली, तरी हरकत घेऊ नये.

बालचित्रांच्या अभ्यासक रोडा केलॉग यांनी मुलांची लाखो चित्रं गोळा करून रेघोट्यांचे वीस मूळ प्रकार नोंदवले. त्या प्रकारांतूनच गोल, फुली, गोलात फुली, किरणांचा सूर्य असं काहीबाही जमत जातं. बहुतेक मुलांचा पहिला माणूसही असाच जमतो : एक मोठा गोल, त्यात डोळे, आणि गोलालाच खाली फुटलेले दोन पाय. पोट नसतं, मान नसते. हे चूक नाही, त्याला ‘पोट कुठे आहे?’ असं विचारून दुरुस्त करायला जाऊ नका. थोडं पुढे गेल्यावर घराच्या भिंतीआड बसलेली माणसंही दिसू लागतात, कारण मूल डोळ्यांना दिसतं ते काढत नाही, त्याला माहीत असतं ते काढतं.

याचा वर्गात उपयोग काय? तीन वर्षांच्या मुलाला ‘घर काढ’ सांगणं निरर्थक आहे. त्याला मोठा कागद आणि हात फिरवायला मोकळीक हवी. रेघोट्यांना नाव देणाऱ्या मुलाला ऐकणारं माणूस हवं. आकृत्या काढू लागलेल्या मुलाला बारीक टोकाचं साधन हवं, नाहीतर त्याला सुचलेले तपशील जाड ब्रशाखाली गडप होतात. एकाच वर्गात तिन्ही प्रकारची मुलं असतात, म्हणून सगळ्यांना एकच काम देण्याची पद्धतच मुळात चुकते.

पायरी २ : वेळ आधी, जागा नंतर

वेळापत्रकात ‘चित्रकला : २० मिनिटं’ असं असतं. त्यातली पाच मिनिटं ॲप्रन बांधण्यात जातात, पाच हात धुण्यात. उरलेल्या दहात मूल रंग हुंगतं, बोट बुडवून बघतं, शेजारच्याकडे डोकावतं आणि काम सुरू होणार तोच घंटा होते. सलग ४५ मिनिटं ते तास, आठवड्यातून निदान तीन दिवस, एवढा वेळ काढता आला तर बाकीचं जमतं. सगळा वर्ग एकदम बसवू नका. चार-पाच मुलं रंगाशी, काही मातीशी, काही ठोकळ्यांशी, काही पुस्तकांत. ज्याचं झालं तो उठेल, दुसरा येईल. ‘आता सगळ्यांनी रंगवायला बसा’ म्हणून सर्जनशीलता येत नाही.

जागा म्हणजे वेगळी खोलीच हवी असं नाही. पाण्याजवळचा कोपरा, पुसता येईल अशी जमीन, मुलाच्या कमरेइतक्या उंचीचं उघडं फडताळ. साहित्य बंद कपाटात आणि किल्ली मोठ्यांकडे असेल, तर पहिला निर्णय तिथेच मुलाच्या हातातून गेला. प्रत्येक डब्यावर आतल्या वस्तूचं चित्र चिकटवा, म्हणजे काढणं आणि जागेवर ठेवणं दोन्ही मुलांना जमतं. ओली कामं वाळत घालायला एक दोरी आणि चिमटे आधीच लावून ठेवा. ही दोरी नसेल तर पाचव्या ओल्या कागदानंतर ताईंची चिडचिड सुरू होते आणि रंगाचा तास लवकर आटोपतो.

पायरी ३ : साहित्य थोडं, पण पुरेसं

फडताळ भरभरून मांडण्यापेक्षा एकच माध्यम तीन-चार आठवडे चालू ठेवणं मला पटतं. पहिल्या आठवड्यात मूल साहित्य काय काय करतं ते शोधतं. त्याच्याकडून आपल्याला काय करून घेता येईल हा विचार नंतर येतो. दर दिवशी नवी ‘ॲक्टिव्हिटी’ आणणाऱ्या वर्गात मुलं कायम पहिल्याच आठवड्यात राहतात.

रंगांची सुरुवात एका रंगानं करा, मग दोन. लाल आणि पिवळा शेजारी ठेवले की नारिंगी कसा होतो ते सांगावं लागत नाही. मग निळा, आणि त्यानंतर पांढरा. पांढरा रंग बहुतेक ठिकाणी विसरला जातो, पण छटा करायच्या त्या त्यानंच. तयार हिरवा, जांभळा, तपकिरी विकत आणलेच नाहीत तर उत्तम. रंग दाटसर हवा, बसक्या बुडाच्या बाटलीत थोडाच ओतलेला, आणि प्रत्येक बाटलीत तिचा स्वतःचा ब्रश. ब्रश आखूड दांड्याचे, एक ते दोन सेंटिमीटर रुंद. कागद निदान ए-३ आकाराचा. लहान मुलाचा हात खांद्यातून चालतो, म्हणून वहीच्या पानावर त्याची कुचंबणा होते. खडू मुद्दाम तुकडे करून द्या : दोन-तीन सेंटिमीटरचा तुकडा मुठीत धरता येत नाही, बोटांच्या चिमटीतच धरावा लागतो.

बोटांनी रंगवायचा रंग घरीच होतो. अर्धी वाटी कॉर्नफ्लोअर थोड्या गार पाण्यात कालवून दोन वाट्या पाण्यात मंद आचेवर ढवळत शिजवा. पारदर्शक दाटसर झालं की उतरवा, गार करून खाण्याचे रंग मिसळा. मळण्याच्या गोळ्यासाठी दोन वाट्या मैदा, एक वाटी बारीक मीठ, चमचाभर तेल आणि पाणी लागेल तसं, साधारण पाऊण ते एक वाटी. घट्ट झाकणाच्या डब्यात हा गोळा बरेच दिवस टिकतो. यात मीठ भरपूर असतं, त्यामुळे मुलानं मोठा तुकडा गिळला तर ते धोक्याचं आहे. गव्हाची ॲलर्जी असलेलं मूल वर्गात असेल तर हा गोळा नकोच.

सुरक्षिततेचं एकच माप लक्षात ठेवा. तीन वर्षांखालच्या मुलांच्या खेळण्यांसाठी साधारण ३.२ सेंटिमीटर व्यासाचं नळकांडं वापरतात. त्यात जी वस्तू पूर्ण बसते ती घशात अडकू शकते. मणी, बटणं, बिया या मापानं तपासा. थर्मोकोलचे दाणे आणि चकचकीत भुकटी मला कोणत्याच वयासाठी नको वाटते : डोळ्यांत जाते, जमिनीवरून निघत नाही, आणि मुलाला ठरवायला फारसं काही ठेवत नाही.

फुकटचं साहित्य मात्र जरूर जमवा. पुठ्ठ्याची नळकांडी, चिंध्या, दोऱ्या, झाकणं, वाळकी पानं, गोटे, जुन्या पाकिटांच्या खिडक्या. प्रकारानुसार वेगळं लावून ठेवा. एका पोत्यात कोंबलेलं भंगार मुलांना भंगारच वाटतं.

पायरी ४ : हत्यार दाखवा, चित्र दाखवू नका

‘मुलांना मोकळं सोडा’ याचा अर्थ काहीच शिकवू नका असा काढला जातो. तेही चूक. ज्याला ब्रश निथळता येत नाही त्याच्या कागदावर ओघळच येणार, आणि ओघळ त्यानं ठरवलेले नाहीत. म्हणून तंत्र नीट, सावकाश, हातानं करून दाखवा :

ब्रश बाटलीच्या काठाला पुसून मगच कागदावर न्यायचा. रंग बदलताना धू, पूस, बुडव. गोंद बोटभर नको, ठिपकाभर. कात्री धरलेल्या हाताचा अंगठा वर, आणि वळण कापायचं तर कात्री नाही, कागद फिरवायचा. मातीचे दोन तुकडे जोडायचे तर दोन्हीकडे काट्यानं ओरखडे काढायचे, पातळ केलेली माती लावायची आणि दाबायचं; नुसते चिकटवले तर वाळल्यावर हत्तीचा पाय गळून पडतो.

दाखवताना चित्र तयार होऊ देऊ नका. ब्रश निथळून एक आडवी रेघ मारली की थांबा. तुम्ही फूल काढलंत, तर वर्गभर फुलंच उगवतील. एखाद्या मुलानं कात्रीचं तंत्र विचारलं तर त्याच्या कागदावर नाही, वेगळ्या तुकड्यावर दाखवा. मुलाच्या कागदावर मोठ्यांची एकही रेघ नको. हा नियम मी अपवादाशिवाय पाळावा असं म्हणेन.

आधी बघणं घडवलंत तर नमुन्याची गरजच उरत नाही. मांजराचं चित्र काढायच्या आदल्या दिवशी मांजर बघा, ते अंग कसं ताणतं ते जमिनीवर करून बघा, शेपूट कुठून सुरू होते यावर बोला. पान हातात घेऊन त्याच्या शिरांवरून बोट फिरवा. मूल कल्पनेतून काढतं म्हणजे रिकाम्या डोक्यातून काढत नाही. रशियन मानसशास्त्रज्ञ लेव विगोत्स्की यांचं म्हणणंही हेच होतं : कल्पनाशक्तीचा कच्चा माल अनुभवातून येतो, अनुभव जितका भरगच्च तितकी कल्पना लांब जाते.

पायरी ५ : जीभ आवरा

या पायरीला पैसा लागत नाही, आणि हीच सगळ्यांत अवघड जाते.

१९७३ साली मार्क लेपर, डेव्हिड ग्रीन आणि रिचर्ड निस्बेट या मानसशास्त्रज्ञांनी एका बालशाळेतल्या तीन ते पाच वर्षांच्या मुलांवर केलेला प्रयोग प्रसिद्ध झाला. मुलं अशी निवडली होती, ज्यांना स्केचपेननं चित्रं काढायला मुळातच आवडत होतं. काहींना आधीच सांगितलं की चित्र काढलंत तर सोनेरी चांदणी आणि फीत लावलेलं प्रशस्तिपत्रक मिळेल. काहींना ते न सांगता शेवटी अचानक दिलं. काहींना काहीच दिलं नाही. एक-दोन आठवड्यांनी मोकळ्या वेळेत तेच पेन ठेवले, तेव्हा बक्षिसासाठी काढणारी मुलं इतरांच्या जवळजवळ निम्माच वेळ पेनाकडे वळली. आधी ती आवडीचा खेळ म्हणून चित्र काढत होती, आता मोबदला नव्हता तर कशाला काढायचं? बक्षिसासाठी काढलेली चित्रं परीक्षकांना तुलनेनं कमी दर्जाचीही वाटली. चित्राच्या कोपऱ्यात रोज चांदणीचं स्टिकर लावणाऱ्यांनी हे एकदा मनावर घ्यावं.

‘वा, छान!’ हेही तोंडी स्टिकरच. मूल कागद घेऊन धावत येतं, आपण मान वर न करता ‘छान’ म्हणतो, ते परत जातं, दोन रेघा मारून पुन्हा येतं. त्याचा प्रश्न आता ‘मला काय करायचंय’ हा राहत नाही, ‘ताईंना काय आवडतं’ हा होतो. याउलट, दिसतं ते बोलून दाखवा :

“इथे तू खूप जोरात दाबलंयस, आणि इथे अगदी हलकं.”
“सगळा निळा एका बाजूला आलाय.”
“हे गोल केवढाले झालेत, आणि कोपऱ्यात एकच बारका.”

यात शाबासकी नाही, पण बघितल्याची खात्री आहे. मुलांना बहुतेक वेळा तीच हवी असते.

“हे काय आहे?” हा प्रश्न टाळा. रेघोट्यांच्या वयात ते काहीच नसू शकतं, आणि विचारल्यामुळे मूल घाईनं काहीतरी नाव देऊन मोकळं होतं. त्यापेक्षा “याच्याबद्दल सांगतोस?” म्हणा आणि वाट बघा. नाही सांगितलं तर विषय सोडा. सांगितलं तर त्याच्याच शब्दांत, व्याकरण न सुधारता, वेगळ्या चिठ्ठीवर लिहून घ्या. चित्रावर लिहायचं असेल तर कुठे लिहू ते विचारा. कागद मुलाचा आहे.

आता सगळ्यात नेहमीचं वाक्य : “मला येत नाही, ताई, तुम्हीच काढून द्या.” पाच वर्षांच्या मुलाकडून हे ऐकू आलं, तर कोणीतरी कधीतरी काढून दिलेलं असतं. इथे ‘तुला येतं रे’ असं नुसतं म्हणून भागत नाही, कारण त्याला खरोखर अडलेलं असतं. काम तुकड्यांत मोडा. “कुत्रा काढायचाय ना? आधी काय काढावंसं वाटतं? डोकं? ते कसं असतं, लांबट की गोल? हवेत बोटानं काढून बघ. आता त्याला कान कुठे?” खेळण्यातला कुत्रा आणून हातात द्या, तो चाचपू द्या. पाच मिनिटं लागतात, आणि शेवटी जो कुत्रा होतो तो टेबलासारखा दिसतो. तो त्याचा असतो, आणि पुढच्या वेळी ते मूल तुमच्याकडे कमी वेळ घालवतं.

काळ्या रंगाबद्दलही थोडं. मुलानं सगळा कागद काळा केला की मोठी माणसं काळजीत पडतात. पांढऱ्या कागदावर काळा सर्वांत ठळक उमटतो, हे कारण बहुधा पुरेसं असतं. एका चित्रावरून मुलाच्या मनाचं निदान करायला जाऊ नये. वागण्यात, झोपेत, बोलण्यात बदल दिसत असेल तर त्याची चौकशी वेगळी करा, चित्राला साक्षीला बोलावू नका.

पायरी ६ : माती

शक्य असेल तर प्लॅस्टिकच्या कृत्रिम गोळ्यांबरोबर खरी चिकणमातीही द्या. ती जड असते, थंड असते, हाताला विरोध करते आणि चुकलं तर पुन्हा गोळा होते, म्हणून चित्राला घाबरणारी मुलं मातीला घाबरत नाहीत. प्रत्येकाला मोठ्या संत्र्याएवढा गोळा द्या. चिमूटभर माती दिली की मुलं साप आणि लाडू यांपलीकडे जात नाहीत. पहिले काही दिवस साचे, लाटणं, कटर काहीच नको. साचा आला की आकार साच्यानं ठरवला. ज्यांना ओला स्पर्श सहन होत नाही त्यांना आधी काडीनं टोचू द्या, जबरदस्ती नको. उरलेली माती बोटानं खळगा करून, त्यात थोडं पाणी घालून, ओल्या फडक्यात गुंडाळून झाकून ठेवली की पुन्हा वापरता येते.

पायरी ७ : ताल, सूर आणि अंग

संगीत म्हणजे गाणी पाठ करून घेणं, इतकंच बहुतेक वर्गांत उरलंय. कार्ल ऑर्फ या जर्मन संगीतकारानं वेगळा रस्ता दाखवला : आधी बोलण्यातला ठेका, मग टाळी-चुटकी-मांडी-पाय, आणि त्यानंतर वाद्य. मुलांच्या नावांपासून सुरुवात करा. ‘मी-रा’ दोन टाळ्या, ‘अ-नि-के-त’ चार. मग कोणी आपलं नाव फक्त पायांनी वाजवावं, कोणी हळू, कोणी जोरात. दोन नावं एकाच वेळी वाजली की मुलांना ताल सापडतो, ‘ताल’ हा शब्द उच्चारावा लागत नाही.

वाद्यावर स्वतःची धून सुचवायची तर सगळे बारा सूर समोर ठेवू नका. ऑर्फच्या पद्धतीत झायलोफोनसारखी, पट्ट्या काढता येणारी वाद्यं असतात ती याचसाठी. सा रे ग प ध एवढ्याच पट्ट्या ठेवल्या (भूप रागाचे स्वर), तर दोन मुलं एकदम काहीही वाजवोत, कानाला बोचत नाही. मर्यादा घातल्यामुळे मोकळीक वाढते, याचं हे माझं आवडतं उदाहरण. वाद्य नसेल तर डबे, चमचे, पाण्यानं कमीजास्त भरलेल्या बाटल्या.

हालचालीसाठी ‘माझ्यासारखं करा’ हे वाक्य महिनाभर बंद ठेवा. सूचना अशा द्या की तीस मुलं तीस प्रकारे वागू शकतील : खूप जड होऊन चाला. जमीन चिकट आहे. तुमची पाठ तुम्हाला ओढत नेते आहे. आवाज थांबला की जिथे आहात तिथे थिजा. आधी मोकळ्या जागेत दोन्ही हात पसरून उभं राहायला लावा, कोणाला लागत नाही एवढी जागा म्हणजे ‘माझं घर’. नाहीतर पहिल्या दोन मिनिटांत टक्कर आणि रडारड ठरलेली.

पायरी ८ : मुलानं सांगितलेली गोष्ट, वर्गानं केलेलं नाटक

स्नेहसंमेलनातली पाठ केलेली नाटुकली आणि हे यांत फार अंतर आहे. शिकागोतल्या शिक्षिका व्हिव्हियन पेली यांनी बालवर्गात अनेक वर्षं चालवलेली पद्धत इतकी सोपी आहे की उद्यापासून सुरू करता येईल.

सकाळी मोकळ्या वेळेत एक मूल ताईंजवळ येऊन गोष्ट सांगतं. ताई जशीच्या तशी एका पानावर लिहून घेतात. “वाघ आला. मग तो झोपला. मग आई आली. संपलं.” एवढी गोष्टही गोष्ट आहे. पान संपलं की गोष्ट संपली, हा नियम लांबलचक गोष्टींना आवर घालतो. लिहिताना मोठ्यानं वाचत जा, म्हणजे बोललेला शब्द कागदावर कसा उतरतो ते मूल बघतं. त्याच दिवशी सगळी मुलं जमिनीवर चिकटपट्टीनं आखलेल्या चौकोनाभोवती बसतात, ताई गोष्ट वाचतात, मुलं ती करून दाखवतात. स्वतः काय व्हायचं हे गोष्ट सांगणारा ठरवतो. बाकीच्या भूमिका बसलेल्या क्रमानं, म्हणजे भांडण नाही. पोशाख नाही, तालीम नाही, प्रेक्षकांत पालक नाहीत.

पहिल्या आठवड्यात सगळ्यांच्या गोष्टीत एकच वाघ फिरत असतो. फिरू द्या. कोणीतरी वाघाला ताप आणतं, दुसरं त्याला शाळेत पाठवतं. एकमेकांचं उचलणं हा या वयातला शिकण्याचा रीतसर मार्ग आहे.

पायरी ९ : नोंद ठेवा, मग पुढचं काम त्यातूनच निघेल

उत्तर इटलीतल्या रेज्जो एमिलिया शहराच्या बालशाळा शिक्षणतज्ज्ञ लोरिस मालागुत्सी यांच्या नेतृत्वाखाली जगभर गाजल्या. प्रत्येक शाळेत एक कार्यशाळा, तिथे कलेचं शिक्षण घेतलेली व्यक्ती, आणि नोंदींचं पक्कं वळण. कार्यशाळा आणि कलाशिक्षक सगळ्यांना परवडणार नाहीत, नोंदी परवडतात.

एका ताईंनी रोज फक्त दोन मुलांकडे बघायचं ठरवा. वहीत तीन गोष्टी : मुलानं काय केलं, काय बोललं, कुठे अडलं. ‘सुंदर चित्र काढलं’ ही नोंद नाही. ‘निळ्यात पांढरा चार वेळा थोडा थोडा घातला, प्रत्येक वेळी वेगळ्या कागदावर लावून बघितला’ ही नोंद आहे. आठवड्याच्या शेवटी वही वाचली की पुढच्या आठवड्यात काय मांडायचं ते कळतं. दोन-तीन मुलं सावल्यांमागे लागलेली दिसली, तर भिंतीवर मोठा पांढरा कागद आणि समोर विजेरी ठेवा. मग सावलीभोवती रेघ, मग कापलेली पात्रं, मग कदाचित पडद्यामागचं नाटक. दोन दिवसांत संपेल किंवा महिनाभर चालेल. कंटाळा आला की सोडून द्या.

प्रत्येक मुलाची तारीखवार फाइल ठेवा. काय ठेवायचं ते महिन्यातून एकदा मुलासोबत बसून निवडा. भिंतीवर लावायचं काम मुलाच्या डोळ्यांच्या उंचीवर लावा, शेजारी त्याचे शब्द, आणि ‘भिंतीवर लावू का?’ विचारून. काहींना नको असतं.

अडचणी, ज्या येतातच

*मूल स्वतःचंच चित्र खोडून टाकतं.* बऱ्याचदा त्या चित्रात एक गोष्ट घडत असते : पाऊस आला, पूर आला, सगळं बुडालं. थांबवू नका, हवं तर मधला फोटो काढून ठेवा.

*शेजारच्याची नक्कल.* दोन-चार वेळा दुर्लक्ष करा. रोजचंच झालं तर वेगळ्या माध्यमापाशी बसवा, ओरडू नका.

*हाताची पकड कमजोर, किंवा मूल चाकाच्या खुर्चीत.* ब्रशाच्या दांड्यावर स्पंज गुंडाळून जाड करा, कागद चारी कोपऱ्यांना चिकटवा, कागदाची उंची त्याच्या हाताशी आणा. कमी दिसणाऱ्या मुलासाठी रंगात बारीक वाळू मिसळली की रेघ बोटाला कळते. मदत साधनाला करायची. काय काढायचं हे त्यानंच ठरवायचं.

*पसारा.* आवरणं हा तासाचाच भाग धरा, शेवटची दहा मिनिटं. ओली फडकी मुलांच्या हाती द्या. तीन वर्षांच्या मुलांना टेबल पुसणं रंगवण्याइतकंच आवडतं, निदान पहिले काही आठवडे.

*पालक विचारतात, ‘हे काय नेलंय घरी?’* वर्षाच्या सुरुवातीच्या सभेत भाषण देण्याऐवजी पालकांनाच वीस मिनिटं रंग द्या, आणि मध्येच फिरत फिरत सांगा, “आकाश निळंच हवं होतं ना?” पुढचं समजावावं लागत नाही. त्यानंतर घरासाठी एवढंच मागा : चित्राला दोष देऊ नका, सुधारून देऊ नका, कोरे कागद हाताशी ठेवा.

*संस्थेला कार्यक्रमासाठी एकसारखी शोभेची कामं हवी असतात.* इथे भांडून फारसं हाती लागत नाही, वाटाघाट करावी. सजावट मोठ्यांनी करावी आणि ती मोठ्यांची म्हणूनच लावावी, हा पहिला प्रस्ताव ठेवा. तो नाही पटला तर विषय एक ठेवा, बाकी सगळं मुलांवर सोडा : ‘पंख असलेलं काहीतरी’ एवढंच सांगा, कागद, चिंध्या, तार, पानं मांडून ठेवा आणि आठवडाभर वेळ द्या. तीस फुलपाखरांऐवजी भिंतीवर दोन विमानं, एक पंखवाला उंदीर, सात-आठ पक्षी आणि ओळखू न येणाऱ्या बऱ्याच वस्तू लागतील. प्रत्येकीखाली मुलाचं एक वाक्य लिहा. पाहुणे ती वाक्यं वाचत उभे राहतात, हे व्यवस्थापनाला दिसलं की पुढच्या वर्षीची बोलणी सोपी जातात.